माठाला घातलेलं खोटं

निळीचा माठ रुसला की त्याला गूळ लागतो, चुना लागतो, ऊब लागते. इतकं सगळं करूनही तो हटून बसला, तर मग त्याला एक खोटं लागतं. वडगावच्या विणकर गल्लीत हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. नव्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं, कारण गल्लीतल्या बाकी सगळ्यांनी आपापले माठ कधीच बुजवून टाकले होते आणि बेळगावच्या पेठेतून जर्मन रंगाचे डबे आणायला लागले होते. डब्यातला रंग रुसत नाही. सांगाल तेवढा रंगतो आणि पहिल्या धुण्याला सांगाल तेवढा उतरतो, बिचाऱ्याला स्वभावच नाही.

एकट्या नागुबाईचा माठ उरला होता. परसात छपराखाली, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, तिच्या सासूच्या सासूनं घातलेला. दह्याला विरजण लागतं तसा निळीच्या नव्या माठाला जुन्या माठाचा गाळ लागतो, आणि त्या गाळाला या घरात इरजणच म्हणत. निळीच्या वड्या नव्या पडत, टाकळ्याच्या बियांचा काढा नवा पडे, पाणी नवं पडे, पण तळाचं इरजण तेच. सूत त्यात बुडवून वर काढलं की आधी हिरवट पिवळं दिसायचं आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होत जायचं. नागुबाईनं हे हजारदा पाहिलं असेल, तरी दरवेळी तिचा हात तिथं जरा थांबायचा. असं सात-आठदा बुडवलं की काळ्याच्या अलीकडची निळाई यायची आणि त्या सुताची चंद्रकळा ती आपल्याच मागावर विणायची. नवरा गेल्यापासून माग आणि माठ दोन्ही तीच बघत होती. काठ फाटेल पण रंग जाणार नाही, अशी तिच्या लुगड्यांची ख्याती पार निपाणीपर्यंत होती. तिचे स्वतःचे हातही कोपरापर्यंत तसेच निळे. पंगतीला बसली की नवखी माणसं घास हातात धरून बघत राहायची.

तर खोट्याचं असं होतं. त्याचे नियम सासूनं घालून दिले होते. एक म्हणजे, ते कुणाला तरी खरं वाटलं पाहिजे. जितकं लांब जाईल तितका माठ लवकर उठतो. दुसरं म्हणजे, माठाला घातलेलं खोटं पुन्हा कधीच खरं होत नाही. म्हणून आपल्या माणसाचं नाव त्यात चुकूनसुद्धा घ्यायचं नाही. सासू या कामात मोठी वस्ताद. एकदा तिनं शेजारच्या मच्छे गावातल्या रवळूच्या म्हशीला शिंगरू झाल्याचं सांगितलं, तर अर्धी गल्ली शिंगरू बघायला मच्छ्यापर्यंत चालत गेली. रवळू बिचारा चार दिवस दाराबाहेर पडला नाही आणि इकडे माठ तिसऱ्या दिवशी ठणठणीत.

नागुबाईला एकच लेक, मालू. तिला निपाणीला देऊन सात वर्षं झाली होती, आणि सात वर्षांत ती माहेरी आली नव्हती.

भांडण तसं तांब्याभर गाळाचं. पाठवणीच्या आदल्या दिवशी मालू म्हणाली, "आई, मला थोडं इरजण दे. तिकडं माग हाय, माठ न्हाय. मी घालीन." सासूनं मरताना नागुबाईचा हात धरून सांगितलं होतं, की इरजण घराबाहेर गेलं की घरचा माठ मरतो. नागुबाई नाही म्हणाली. मालूनं पुन्हा मागितलं, नागुबाई पुन्हा नाही म्हणाली, आणि वर तोंडातून निघून गेलं, "माठ मेला तर मी काय खाऊ? तू घालणार हायस व्हय मला?" पंधरा वर्षांची पोर ती. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "ऱ्हाऊ दे मग. त्यो माठच तुझी लेक." दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना तिनं मागं वळून बघितलं नाही.

लेक आपणहून माहेरी येत नाही. तिला आणायला मुराळी पाठवावा लागतो; भाऊ नाहीतर भाऊबंदातला कुणीतरी. नागुबाईचा पुतण्या परशराम एका शब्दावर गेला असता. पण पहिल्या वर्षी नागुबाईला वाटलं, पोरगी एवढं बोलून गेली, आता तीच निरोप धाडेल. तिकडे मालूला वाटलं असणार, आईच बोलावील. दुसऱ्या वर्षी बोलवायचं तर पहिल्या वर्षी का नाही बोलावलं हे सांगणं आलं. तिसऱ्या वर्षी त्याहून अवघड. माणसं अशीच असतात. दार उघडंच असतं आणि दोघं दोन्ही बाजूंनी कडी शोधत बसतात.

नागुबाई आठवण काढत नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. श्रावण जवळ आला की ती मालूसाठी एक चंद्रकळा मागावर चढवायची. लाल काठ, पदराला दोन पट्टे, मालूला आवडायचे तसे. विणताना तिच्याशी बोलायचीसुद्धा, धोट्याच्या खडखडाटात कुणाला ऐकू जात नाही म्हणून. नागपंचमी व्हायची, मालू यायची नाही. मग दसऱ्याच्या सुमाराला निपाणीचे कापडवाले शांतिनाथआप्पा आले की तेच लुगडं ती मुकाट्यानं त्यांच्या गाठोड्यात ठेवायची. आप्पांना कळत होतं ते कुणाचं आहे. जैन माणूस, मऊ बोलणारा. लुगडं उलगडून न बघता तसंच घ्यायचा.

त्या वर्षी आषाढाच्या मध्यावरच माठ रुसला. वरची साय गेली, पाणी राखेसारखं झालं, वास आंबट यायला लागला. सूत बुडवलं तर मळकं निघालं आणि धुतल्यावर पांढरंफट्टक. नागुबाईनं गूळ घातला. चुना घातला, बहुतेक जरा जास्तच. माठाभोवती शेणकुटांची आच ठेवली. आठ दिवस झाले तरी माठ काही बोलेना. मग ती घागर घेऊन विहिरीवर निघाली, आणि वाटेत तिनं खोटं जुळवलं: लोंढ्याला आगगाडीच्या डब्यात वाघीण शिरली आणि तिकीट काढल्यासारखी धारवाडला उतरली. सासूच्या तोडीचं नव्हतं, पण चाललं असतं.

विहिरीवर शालूबाई होती. शेजारीण, आणि गल्लीचं वर्तमानपत्र. तिच्या कानात घातलं की वेगळी दवंडी लागायची नाही. पण त्या दिवशी शालूबाईजवळ स्वतःचीच बातमी होती.

"दोघीबी येणार बग गं पंचमीला! थोरलीला आणाय काल माणूस गेला, धाकटी परवा येती. झोका बांधाय सांगितलाय चिंचेला. लाह्या फोडायच्या, मेंदी वाटायची, मला तर काय सुचंना झालंय." मग तिनं पोहरा काठावर ठेवला, नागुबाईकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुझी काय यायची न्हाय, व्हय गं? सात वर्सं झाली की. असं कसं काळीज म्हणायचं त्या पोरीचं."

"येणार हाय," नागुबाई म्हणाली.

"कोण?"

"मालू. येणार हाय पंचमीला."

शब्द बाहेर पडले आणि मग तिला कळलं की ते बाहेर पडले. वाघीण कुठल्या कुठे राहिली. ती घाईघाईनं म्हणाली, "आणि ऐकलंस का, लोंढ्याला म्हणं वाघीण..." पण शालूबाईला वाघिणीशी काय देणंघेणं! तिनं नागुबाईचे दोन्ही दंड धरले. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. "बाई बाई बाई! आदी न्हाय का सांगायचं? थांब, सगळ्यांना सांगतो!" आणि भरलेली घागर तिथंच ठेवून ती गेली.

नागुबाई बराच वेळ विहिरीच्या काठावर बसून राहिली. घरी आल्यावर माठावरचं झाकण काढायचा तिला धीर झाला नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती मनात म्हणत होती, माठा, उठू नको. मेलास तरी चालंल, पण आता उठू नको.

माठ दुसऱ्याच दिवशी उठला. सकाळी झाकण काढलं तर तांब्याच्या रंगाची साय आणि मधोमध निळ्या फेसाचं फूल. वास गोड. आठ दिवसांच्या आचेनं आणि गुळानं तो उठला असेल, तुम्हाआम्हाला तसंच वाटणार. नागुबाईला तसं वाटलं नाही. सात वर्षं मालू आली नव्हती, पण येईल असं तरी होतं. दर श्रावणात लुगडं विणायला तेवढं पुरत होतं. ते आपण या मडक्याला खाऊ घातलं, आणि ते चाटूनपुसून खाऊन कसं टवटवीत होऊन बसलंय, असं तिला वाटलं. तिनं झाकण आदळलं.

त्याच दिवशी दुपारी शांतिनाथआप्पा आले. एरवी ते दसऱ्याआधी येत नसत, पण बेळगावात काही काम निघालं होतं. ओट्यावर टेकले, पाणी प्याले आणि म्हणाले, "नागुबाई, मालू येणार हाय म्हणं पंचमीला? शालूबाईनी गल्लीच्या तोंडालाच सांगितलं मला. तुम्ही बोलावलंय म्हटल्या."

हीच वेळ होती. नाही हो आप्पा, माझ्या तोंडून गेलं, म्हटलं असतं तर संपलं असतं. नागुबाईनं तोंड उघडलंही. पण मागावर लाल काठाची चंद्रकळा अर्धी विणून झालेली होती आणि आप्पा तिच्याकडंच बघत होते.

"हूं," ती म्हणाली.

"लई चांगलं झालं," आप्पा म्हणाले. "म्हंजे यंदा हे लुगडं काय मला मिळत न्हाय." ते हसले आणि लगेच उठले. इतकी घाई कसली, हे नागुबाईला त्या घडीला सुचलं नाही.

पुढचे दिवस तिला नकोसे झाले. गल्लीत जो तो विचारी. कुठल्या मोटारीनं येणार? जावई पण येणार का? कुणी लाह्या आणून दिल्या, कुणी गूळ. शालूबाईनं झोक्याला दोर जास्तीचा घेतला, तीन पोरी बसणार म्हणून. नागुबाई सगळ्यांना हूं हूं करायची आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत राहायची. लुगडं पुरं झालं. घडी घालताना तिच्या मनात आलं, की हे आता दसऱ्याला आप्पांना देता येईल. पण पुढच्या वर्षी विणायचं कुणासाठी? तिनं घडी उराशी धरली आणि मागाच्या दांडीला डोकं टेकून ती रडली. मोठ्यानं रडली. धोटा बंद होता, तरी तिनं आवाजाची पर्वा केली नाही.

आणि रडता रडता तिला एक सुचलं. माठाला घातलेलं खोटं खरं होत नाही. बरं. पण माठच नसला तर? ज्यानं खाल्लं तोच नाही, तर घातलेलं कुणाच्या पोटात राहणार? सासूनं हे काही सांगितलं नव्हतं. सासूला तशी पाळीच आली नव्हती.

पंचमीच्या दिवशी काही चिरायचं नाही, खणायचं नाही, तवा ठेवायचा नाही, माठाचं झाकणसुद्धा उचलायचं नाही. म्हणजे करायचं ते आदल्या दिवशी. त्या दिवशी बायकांचा भावासाठीचा उपास. शेजारी शालूबाईच्या पोरी मेंदी वाटत होत्या, त्यांचं हसणं भिंतीवरून येत होतं. बारा वाजता नागुबाईनं पदर खोचला, झाकण बाजूला ठेवलं आणि तांब्या माठात बुडवला.

पहिला तांब्या तिनं मोरीत ओतला. मग दुसरा, मग तिसरा. मोरीतून हिरवट पाणी निघायचं आणि शालूबाईच्या दारापर्यंत जाईतो निळं व्हायचं. थोड्या वेळानं गल्लीचं गटार या टोकापासून त्या टोकापर्यंत निळं झालं. शालूबाई धावत आली. माठाकडं आणि तांब्याकडं बघून तिनं तोंडावर हात ठेवला.

"अगं, येड लागलं का तुला? माठ वतालीस? उद्या लेक येणार आणि आज..."

"येऊ दे म्हणूनच वततोय," नागुबाई म्हणाली.

शालूबाईला काहीच कळलं नाही, आणि कळलं नाही असं त्या बाईच्या आयुष्यात फार वेळा झालं नसेल. ती दारातूनच परत फिरली.

तळ लागला तेव्हा उन्हं कलली होती. नागुबाईला माठात अर्धी वाकून गाळ काढावा लागला. हेच ते इरजण. सासूच्या सासूचं. एक तांब्याभर ठेवावं असं तिच्या मनात आलं. कोपऱ्यात झाकून ठेवलं तर कुणाला कळणार होतं? तांब्या हातात धरून ती थांबली. मग तिला वाटलं, याच तांब्याभरासाठी तर पोरगी गेली. इरजण ठेवलं म्हणजे माठ ठेवलाच की. तिनं तांब्या उपडा केला. मातीचं रिकामं पोट तिच्याकडं बघत राहिलं, आणि ती तिथंच काठावर बसली. उद्यापासून काय खायचं, हे तिनं मनात येऊ दिलं नाही.

"आई."

परसाच्या दारात मालू उभी होती. अंगानं भरली होती. डोक्यावरून पदर, दोन्ही हात पदराखाली गुंडाळलेले, पायांवर चिखल. तिची नजर मोरीवर होती.

"गल्लीच्या तोंडापासून निळं पानी बगत आलो. काय झालं, आई? माठाला काय झालं?"

नागुबाई उठली नाही. "वतला," ती म्हणाली. "तू यावीस म्हणून वतला."

"मी तर सकाळीच मोटारीत बसलतो की," मालू म्हणाली. "आप्पांनी सांगितलं तवापासनं तयारीच करत हुतो. आई बोलावतीया म्हटले. गल्लीभर सांगितलंय म्हटले. म्हटलं, मुराळी न्हाय तर न्हाय."

आपण पहिला तांब्या ओतला तेव्हा पोरगी वाटेवर होती, हे नागुबाईच्या डोक्यात हळूहळू शिरलं. माठ भरलेला होता, फूल आलेलं होतं, आणि तरी ती निघाली होती. आता खोटं बोलायची तिच्यात ताकद उरली नव्हती. तिनं सगळं सांगून टाकलं. माठ रुसल्याचं, विहिरीवरचं, आप्पांपुढच्या त्या एका हूंचं.

मालू ऐकत राहिली. तिचा चेहरा सात वर्षांपूर्वीसारखाच उतरत गेला. "म्हंजे तू मला बोलावलंच न्हवतंस," ती म्हणाली. "माठासाठी बोललीस."

"माठासाठी वाघीण जुळवून नेलती, मालू. तुझं नाव आपसूक आलं. सात वर्सं दर पंचमीला बोलावतोय गं तुला. तोंडानं तेवढं जमलं न्हाय."

मालूनं पदराखालचे हात बाहेर काढले आणि आईसमोर धरले. कोपरापर्यंत निळे. डब्यातल्या रंगाचे नव्हेत; हे नागुबाईला सांगायची गरज नव्हती.

"जायच्या दिशी पहाटं तांब्याभर काढून घेतलं," मालू म्हणाली. "शिदोरीच्या बुट्टीत लपवून नेलं. तिकडं माठ घातला, लागला पण. आणि मग भ्यालो. तुझा मेला असंल तर? आप्पा आले की आदी इचारायचो, आईची चंद्रकळा तशीच येती न्हवं? येती म्हटले की जीव भांड्यात पडायचा. त्यांना शपथ घातलती, आईला सांगू नका म्हणून. पर हे हात घेऊन कशी येऊ? लपवू कुठं? तू बोलावलंस म्हटल्यावर वाटलं, आता मारलंस तरी चालंल."

म्हणजे दोन्ही माठ सात वर्षं जिवंत होते. इकडचाही आणि तिकडचाही. इरजण घराबाहेर गेलं होतं आणि कुणी मेलं नव्हतं. मेली ती फक्त सात वर्षं. नागुबाईनं ते हात आपल्या हातात घेतले. तळव्याला धोट्याचे घट्टे, नखांच्या कडा काळ्यानिळ्या, अगदी तिच्यासारख्याच. असल्या हातांवर मेंदी रंगायची नाही, हे तिच्या मनात आलं, आणि तिला हसू फुटलं, आणि हसता हसता तिचा बांध फुटला.

"रडू नगंस," मालू म्हणत होती आणि स्वतःही रडत होती. "माझ्या माठाचं आणतो की. कळशीभर आणतो. दिवाळीला आणतो."

भिंतीपलीकडं पोरींचं हसणं एकदम थांबलं. शालूबाईनं हाक मारली, "नागू, आली का गं मालू?"

विहिरीवर खोटं किती सहज निसटलं होतं. आता खरं सांगायचं, एवढा एक शब्द, तर तो काही केल्या नागुबाईच्या तोंडून निघेना. शालूबाईनं पुन्हा हाक मारली. शेवटी मालूनंच नाक पुसलं आणि भिंतीकडं तोंड करून ओरडून सांगितलं,

"आलोय, मावशी. आईनं बोलावलंतं."